दाराला लावलेला वरवंटा

प्रिय ज्योएल आणि आन्या,

ज्योएल, तू शाळेसाठी लिहिलेला निबंध तुझ्या बाबाने मला फोनवर पाठवला. मी चष्मा पुसून तो तीनदा वाचला. तुझी आजी, म्हणजे मी, चौदा वर्षांची असताना तिने आपल्या वडिलांना चिरडणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला क्षमा केली आणि तलवारी घेऊन आलेल्या जमावापासून त्याचा जीव वाचवला, असं तू लिहिलं आहेस. तुझ्या बाईंनी खाली शाबासकी दिली आहे. मी तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे दोन स्वल्पविराम मनातल्या मनात दुरुस्त केले, पण चूक स्वल्पविरामांची नाही. तलवारी नव्हत्या. कोयते होते, केळीचे घड उतरवायचे. माझे वडील चिरडले गेले नव्हते. आणि मी कोणालाही क्षमा केली नव्हती. ही गोष्ट आपल्या नातेवाइकांत इतक्या तोंडांतून फिरली की शेवटी ती दुसऱ्याच कुठल्यातरी मुलीची झाली. दोष माझाही आहे. लोक सांगत राहिले, मी खाली मान घालून ऐकत राहिले, आणि माझं गप्प बसणंही लोकांना नम्रता वाटली. आता ती गोष्ट समुद्र ओलांडून तुमच्या शाळेत पोचली, म्हणून ती होती तशी लिहून ठेवते. मराठीत लिहिते, कारण ती मराठीत घडली. बाबा वाचून दाखवील. त्याला काही अडलं तर फोन करा, फक्त इथल्या संध्याकाळच्या सात ते साडेसातमध्ये करू नका.

आमचं घर देवळापासून दहा मिनिटांवर, वाडीच्या पोटात होतं. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. पुढे ओटा, मग बाहेरची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, आणि चारी बाजूंना केळी, नारळ आणि पानवेली. दिवसभर विहिरीवरच्या पंपाची फटफट ऐकू यायची, इतकी की ती थांबली की आजी, म्हणजे बाची आई, कान मंद असूनही मान वर करायची. बा म्हणजे माझे वडील, पास्कू. ते सायकलवरून विड्याची पानं आणि केळी घेऊन स्टेशनाकडच्या बाजारात जायचे. माझ्या आईला मी आय म्हणायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी आय राजेळी केळी सोलून मांडवावर सुकत घालायची. चार-पाच दिवसांच्या उन्हात ती मधाच्या रंगाची व्हायची, त्यांना सुकेळी म्हणतात. तुमच्याकडे पाठवते ती तीच, पण आता विकतची. संध्याकाळी दव पडायच्या आत ती सुकेळी आत आणायचं काम माझं. मांडवाभोवती मधमाश्या असायच्या आणि मला त्यांची भीती वाटायची. मी विहिरीलाही भ्यायचे, आळीतल्या कुत्र्यांनाही, आणि शाळेतल्या नन्सनी नुसतं नाव पुकारलं तरी मी दचकायचे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे धीट मुलगी शोधत बसणार नाही.

बाहेरच्या खोलीचं दार जड आणि तिरकं होतं, ते आपोआप मिटायचं. आजीचा वरवंटा कधीतरी पडून दोन तुकडे झाला होता, त्यातला अर्धा दाराला लावायला ठेवला होता. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की आय हातातलं काम टाकायची, उभी राहायची, छातीवर क्रूसाची खूण करायची आणि मग पायाने तो वरवंटा दाराशी सरकवायची. रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, संपेपर्यंत दार उघडं. त्या वेळात जो कोणी येईल त्याने चपला काढून चटईवर बसायचं, आणि त्याला कोण, कुठला, कशाला आलास, असं काही विचारायचं नाही. माळ संपली की विचारायचं. पोस्टमन बसला आहे, बोंबीलवाली टोपली बाहेर ठेवून बसली आहे. खाडीकडचे हरिभाऊ हिंदू, भाताची शेती करणारे, बाच्याकडे पंपाचं काहीतरी मागायला आले की हमखास त्याच वेळेत सापडायचे. "हरिभाऊंना नमो मरिया तुज्यापेक्षा बरं पाठ हाय," असं आय शेजारच्या कत्रीन मावशीला चिडवायची. "असनारच," मावशी म्हणायची, "ते जागे असतात."

रोझरी घरातल्या सगळ्यात लहान माणसाने चालवायची. मी एकुलती एक, म्हणून ते कायम माझ्याकडे. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग मी म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी, पन्नास वेळा, दहा-दहाच्या पाच फेऱ्यांत. शेवटी मी उठून खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसापुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा. त्याने उजव्या हाताच्या अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढायचा. कोणाला वगळायचं नाही, पाहुणा असला तरी. आणि उजव्या हातात काही असेल तर ते आधी खाली ठेवायचं. आजी तपकिरीची डबी खाली ठेवायची. बा विडी ठेवायचे, ती विझू नये म्हणून ओट्याच्या कडेला, अगदी जपून. तुम्ही दोघं फोनच्या पडद्यापुढे हात जोडता ना, ते त्यातलंच.

आयचा विश्वास घरापुरता नव्हता, आणि हीच माझी मोठी अडचण होती. ती पिठाच्या गोळ्यावर क्रूस काढायची, भाताच्या टोपावर काढायची, पंप सुरू करताना काढायची, ते ठीक. पण ती बाजारात माशांचा भाव करत असताना दुपारची घंटा झाली की तशीच हातात पापलेट धरून डोळे मिटून उभी राहायची. मासेवाल्या तिच्या ओळखीच्या, त्या थांबायच्या. नालासोपाऱ्याला नव्या इमारतींचं काम सुरू झालं होतं, तिथे आम्ही केळी द्यायला जायचो. तिथे घंटा ऐकू येत नसे, तर ती सावली बघून अंदाज घ्यायची आणि डोक्यावर टोपली, अंगात लाल चौकड्याचं लुगडं, अशी भर रस्त्यात उभी राहायची. माणसं बघायची. कोणी हसायचं. एकदा एकाने विचारलं, "काय बाई, चक्कर आली काय?" मी तिचा पदर ओढून म्हटलं, "आय, मनात म्हन ना. देवाला मनातलं ऐकू येतं." ती म्हणाली, "त्याला येतं गं. मला येत नाय." मला त्या उत्तराचा राग आला होता. इंग्रजी शाळेतल्या मुलीला रस्त्यात सगळ्यांनी बघणं म्हणजे मरण वाटायचं. घरात आम्ही आमची बोली बोलायचो. इथे मी ती सोपी करून लिहिते आहे, नाहीतर तुमच्या बाबालाही अर्धी कळायची नाही.

त्याच नव्या इमारतींसाठी खडीचे ट्रक यायला लागले. चिंचोटी-कामणच्या बाजूने भरून यायचे आणि वेळ वाचवायला आमच्या आळीतून घुसायचे. रस्ता बैलगाडीच्या मापाचा. ट्रक आला की कुंपणाच्या झावळ्या फाटायच्या आणि आल्तारावरची, म्हणजे घरातल्या देवाच्या फळीवरची, काचेची समई थरथरायची. आळीतले पुरुष चिडलेले होते. बाच्या चुलतभावाने, इनास काकांनी, दोनदा ट्रक अडवून शिवीगाळ केली होती. "एक दिवस कोनीतरी जानार," ते ओट्यावर बसून म्हणायचे, "आनि मग मी त्या डायवरला जित्ता सोडनार नाय." मी आतून ऐकायचे, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी बाच्या सायकलची घंटी ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

तो ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता, मांस नाही, मासळी चालायची. चुलीवर सुक्या बोंबलांचं कालवण शिजत होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापून झाल्या होत्या. मी सुकेळी आत आणली. बा आले नव्हते. देवळाची घंटा झाली, आयने वरवंटा सरकवला, आजी तपकीर ओढून तयार झाली, कत्रीन मावशी येऊन भिंतीला टेकली. बा दाराजवळ बसायचे, ती जागा आम्ही मोकळी सोडली. तेवढ्यात रस्त्याकडून ब्रेकचा लांबलचक आवाज आला, त्यामागे काहीतरी लोखंडी घासत गेल्याचा, आणि मग माणसांचा आरडाओरडा. मी आयकडे बघितलं. तिने दाराकडे बघितलं, एक क्षण तिचा हात जमिनीला टेकला, जणू उठणार आहे. मग ती म्हणाली, "बा यायच्येत अजून. सुरू कर तू." मी सुरू केलं. मला वाटतं तिला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. पुढे अनेकदा विचारलं, तिने कधीच सरळ सांगितलं नाही.

दुसऱ्या फेरीत तो आत आला. तीस-पस्तिशीचा माणूस, अंगात बनियन, एका पायात चप्पल. त्याची छाती वरखाली होत होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत रक्त होतं, आणि ते त्याचं नव्हतं, कारण हात धड होता. तो दारात थांबला, आल्तारावरचा दिवा बघितला, आम्हा चार बायकांना बघितलं, आणि मग चटईवरची मोकळी जागा दिसली तिथे बसला. बाच्या जागेवर. माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर. डिझेलचा आणि घामाचा वास आला. आजीने मान वळवली आणि तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "पावना कोन गं?" आयने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. माळ चालू होती, विचारायचं नव्हतं.

मी बोटांत मणी धरून म्हणत होते, पण माझं डोकं एकाच ठिकाणी फिरत होतं. हे रक्त कोणाचं आहे. दारही माझ्या जवळच होतं, वरवंटा माझ्या पायाशी. बाहेरून पावलं यायला लागली, धावती, पुष्कळ. मी काय केलं ते आजवर कोणाला सांगितलं नाही. मी पायाच्या अंगठ्याने वरवंटा ढकलायला सुरुवात केली. दार मिटावं, बाहेरचे बाहेर राहावेत, एवढंच मला हवं होतं. या माणसाला वाचवायला नव्हे. मला बाहेर काय आहे ते कळायला नको होतं. दार बोटभर हललं. आयने तोंडाने प्रार्थनेचा दुसरा अर्धा भाग म्हणता म्हणता हात लांब करून वरवंटा होता तिथे आणला. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग ते ओट्यावर आले. पुढे इनास काका, हातात बांबूचा दांडका. मागे आळीतले सात-आठ जण, वाड्यांतून तसेच धावत आलेले, प्रत्येकाच्या हातात केळीचा कोयता. मी त्या सगळ्यांना जन्मापासून ओळखत होते, आणि एकाचाही चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. ते आत घुसले असते तर एका मिनिटाचं काम होतं. पण ते उंबऱ्याशी अडले. आत रोझरी चालू होती, आणि चालू रोझरीत उंबरा ओलांडून दंगा करायचा हे त्यांच्या हातापायांना माहीतच नव्हतं. एकाने सवयीने डोक्याचा रुमाल काढला. काका दबक्या आवाजात म्हणाले, "वयनी, त्याला भायेर काडा." आयने पुढचं म्हटलं, पवित्र मरिये, देवाच्या माते. काका पुन्हा म्हणाले, "वयनी, ऐकता काय? पास्कूला उडवलाय त्यानं. आपल्या पास्कूला."

माझा आवाज बंद झाला. कत्रीन मावशीने तोंडात पदर कोंबला. आजीला ऐकू आलं नव्हतं, ती माझ्याकडे बघत होती, मी का थांबले म्हणून. आयने विचारलं, "हाय?" एकच शब्द, जिवंत आहे का म्हणून. "हरिभाऊनं टेम्पोत घालून दवाखान्यात नेलाय. बोलत नव्हता." मला वाटलं आता आय उठेल, आता आपण धावू. मी अर्धी उठलेसुद्धा. आयने माझं मनगट धरून मला खाली बसवलं.  ती म्हणाली, "पुडं म्हन."

त्या तीन फेऱ्यांसारखा वेळ मी पुन्हा कधी अनुभवला नाही, बाळंतपणातही नाही. मला लवकर संपवायचं होतं. संपलं की दवाखान्यात जाता येईल, म्हणून मी एका श्वासात दोन-दोन वेळा म्हणत सुटले, मणी गिळल्यासारखे. आणि आय तितकंच संथ म्हणायला लागली. माझा अर्धा भाग धावायचा, तिचा अर्धा भाग पाय ओढत यायचा. शब्दाशब्दावर ती थांबायची. आता, आणि, आमच्या मरणाच्या वेळी. तिसऱ्या फेरीत मला तिचा इतका संताप आला की मी तिच्याकडे वळून बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज एकसारखा होता. चौथ्या फेरीला ओट्यावरून एक पुरुषी आवाज उत्तर द्यायला लागला, मग दुसरा. पाठीमागे तो माणूस दातांवर दात आपटत होता, ते मला ऐकू येत होतं. फेरीच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली तेव्हा मी ती तोंडातल्या तोंडात गिळली. कोणाच्या लक्षात आलं नाही. आज तुम्हाला सांगते.

शेवटी संपलं. आणि आता तो भाग, ज्यावरून माझं नाव झालं.

माझे पाय उठले आणि रोज जातात तसे गेले. मी आजीपुढे हात जोडले, तिने डबी खाली ठेवली, क्रूस काढला. आय. कत्रीन मावशी. डोळ्यांत इतकं पाणी होतं की मला फक्त जमीन आणि लोकांचे पाय दिसत होते. पुढच्या पायांपुढे मी हात जोडले, "आशीर्वाद द्या" म्हटलं आणि कपाळ पुढे केलं. हात आला नाही. मी बघितलं, तर एकाच पायात चप्पल. मी चुकले होते. ज्याच्यापुढे उभं राहायचं नव्हतं त्याच्यापुढेच मी हात जोडून उभी होते. त्याला आमची रीत काय माहीत. आपल्या कोणीतरी पाया पडतंय असं वाटून तो एकदम खाली वाकला, माझ्या पायांशी त्याने रक्ताचे हात जोडले, आणि हुंदके देत म्हणाला, "बेटी, ब्रेक नहीं लगा. मैंने उठाया था उनको." 

इथे निबंधातली आजी थांबते आणि क्षमा करते. मी थांबले नाही. मला तिथून पळायचं होतं. त्याच्या पुढे दार होतं, दारात माणसं होती, आणि त्या माणसांच्या रांगेच्या शेवटी फाटक होतं. फाटकापलीकडे दवाखान्याचा रस्ता. त्या कोयत्यांमधून कसं जायचं हे मला कळेना, म्हणून जे येत होतं तेच केलं. इनास काकांपुढे हात जोडले. "आशीर्वाद द्या, काका." काकांच्या उजव्या हातात दांडका होता. ते माझ्याकडे बघत राहिले. मी तशीच उभी. मग त्यांनी दांडका भिंतीला टेकवला आणि अंगठा माझ्या कपाळावर ठेवला. पुढच्याने कोयता ओट्याच्या कडेला ठेवला. त्याचं बघून त्याच्या पुढच्याने पायरीवर ठेवला. मी एकेक करत पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं, शेवटच्या माणसाचा क्रूस कपाळावर पडला आणि मी फाटक उघडून धावत सुटले. मागे वळून बघितलं नाही. अनवाणी पळाले, कुत्री मागे लागली होती, त्यांची भीती वाटल्याचं आठवत नाही.

त्यामुळे पुढचं मी ऐकलेलं सांगते. आयने त्या माणसाला तांब्याभर पाणी दिलं आणि दोन सुकेळी हातावर ठेवली. मग ती त्याचा हात धरून पोलीस चौकीपर्यंत चालत गेली. दुसऱ्या बाजूने इनास काका चालले, रिकाम्या हातांनी. मागे आळी. चौकीत तिने त्याचं नाव विचारून घेतलं, शिवपूजन, आणि मग दवाखान्यात आली. मी तिच्याशी बोलले नाही. बा जिवंत होते, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बाला शुद्ध आली तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "तो डायवर कुटं हाय? त्यानं माजं डोकं मांडीवर घेतलं होतं." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. कितीतरी दिवसांनी, पानं पुसत बसलेलो असताना, मी आयला विचारलं, तू लगेच का गेली नाहीस बाच्याकडे. ती म्हणाली, "तितं डाक्टर होता. इतं कोन होता?" आणि पान पुसणं न थांबवता, "मला काय भ्या वाटत नव्हतं, असं समजतेस काय? मी मुतले होते गं लुगड्यात." माझ्या आयबद्दलच्या सगळ्या आठवणींत मला ही सगळ्यात जवळची वाटते. फादरनी पुढच्या रविवारी प्रवचनात आळीतल्या एका लहान मुलीच्या मोठ्या मनाबद्दल सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाकाच्या कडेला नखाने ओरखडे काढत बसले.

शिवपूजन पुन्हा कधी आला नाही. बा कुबडी घेऊन ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये वाकून बघायचे. आयने त्याचं नाव रोजच्या प्रार्थनेत घातलं, आजारी माणसांच्या मागे आणि मेलेल्यांच्या आधी. ती नावं मीच म्हणायची असायची. मी त्या नावाला नुसते ओठ हलवायचे, आणि आय ते मोठ्याने म्हणून पुरं करायची. असं लग्न होईपर्यंत चाललं. आय गेली त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ते आवाज काढून म्हटलं, कारण पुरं करायला कोणी उरलं नव्हतं. अजूनही एखाद्या दिवशी, पाय दुखत असले किंवा बाची आठवण जास्त झाली, तर मी ते गाळते. दुसऱ्या दिवशी घालते.

आता सध्याचं. तुमच्या बाबाचं म्हणणं आहे की मी या वयात एकटी राहते, तर संध्याकाळी फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवू नये. त्याने दाराला लावायचा कॅमेराही पाठवला आहे. तो खोक्यात आहे, बिल वर चिकटवून. सोसायटीच्या ग्रुपवरही सूचना येतात. समोरच्या सावंतबाई रत्नागिरीच्या, त्या म्हणतात, "आजी, तुमचा आवाज सुरू झाला की मी कुकर लावते. तुम्ही दार बंद केलंत तर आमचा भात करपेल." पण गेल्या पावसाळ्यानंतर दोन तरुण जिन्यात येऊन थांबले. माझी रोझरी चालू होती. एकाने मोबाइल माझ्या दिशेने धरला आणि विचारलं, इथे कोण कोण येतं, लोकांना काय शिकवता.  मी माळ धरून बसून राहिले आणि शब्द विसरले, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. सावंतबाई हातात झारा घेऊन बाहेर आल्या. "रोझरी म्हणतायत त्या. बसायचं तर चपला काढून बसा, नाहीतर जिना सोडा," असं म्हणाल्या. ते गेले. मला आयसारखं काही सुचलं नाही. मी उठून दार लावलं आणि कडी घातली, आणि तीन दिवस ते संध्याकाळी बंदच ठेवलं. मनातल्या मनात म्हटलं. देवाला ऐकू आलं असेल. मला आलं नाही.

चौथ्या दिवशी मी दार उघडलं. धीर आला म्हणून नव्हे, तो अजून आलेला नाही. जिन्यात पाऊल वाजलं की माझा आवाज हलतो, आणि सावंतबाईंना ते कळतं, कारण त्या भांडी जरा जोरात आपटतात. ज्योएल, निबंध बदलायची गरज नाही, शाबासकीही परत करू नकोस. फक्त तलवारींचे कोयते कर, आणि आजी घाबरली होती असं एक वाक्य घाल.

वाडी राहिली नाही, विहीर बुजवली, घर पाडून तिथे आमची ही इमारत उभी राहिली. आजीचा अर्धा वरवंटा मात्र आहे. चौथ्या मजल्यावर, रोज संध्याकाळी सात वाजता, मी तो पायाने सरकवून दाराला लावते.